राणीचा महोत्सव आणि रयतेचा हिशेब

आपल्या विद्यालयाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष साजरे करावयाचे ठरले, तेव्हा पहिल्याच नियोजन बैठकीत मंडप, मिरवणूक, विद्युत रोषणाई, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आणि प्रस्तुत स्मरणिका असे विषय निघाले. चर्चा उत्साहाने झाली. त्याच आठवड्यात इतिहासाच्या तासाला नववीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, पन्नास वर्षं झाली की उत्सवच का करायचा? हे कोणी ठरवलं?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत मावणारे नव्हते. ते उत्तर येथे सविस्तर मांडण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत. इतिहासात जो महोत्सव सर्वांत मोठ्या थाटाने साजरा झाला आणि ज्याच्या खुणा आपल्या मुंबई-पुण्यात आजही उभ्या आहेत, त्या राणी व्हिक्टोरियाच्या महोत्सवाची ही हकिकत आहे. राणीचा उत्सव आणि रयतेचे जिणे यांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय ती पुरी होत नाही.

'ज्युबिली' म्हणजे काय?

आपण ज्याला महोत्सव म्हणतो त्याला इंग्रजीत 'ज्युबिली' म्हणतात. या शब्दाचे मूळ हिब्रू भाषेतील 'योबेल' या शब्दात आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात असा नियम सांगितला आहे की, सात वेळा सात वर्षे लोटली की पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावे आणि देशभर मुक्तीची घोषणा करावी. त्या वर्षी कर्जापायी दास्यात गेलेल्या माणसाने मोकळे होऊन आपल्या कुटुंबाकडे परतावे. ज्याला दारिद्र्यामुळे वडिलोपार्जित जमीन विकावी लागली, त्याला ती परत मिळावी.

म्हणजे मुळात हा उत्सव कोणा राजाच्या कारकिर्दीचा नव्हताच. पन्नास वर्षांत समाजात जी विषमता साचते, जे लोक जमिनीवाचून व घरावाचून होतात, त्यांना पुन्हा उभे करण्याचे ते वर्ष होते. हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला गेला हा निराळा प्रश्न आहे. परंतु ज्या शब्दाच्या पोटात दास्यमुक्ती आणि घरवापसी होती, त्याच शब्दाला पुढे राजसिंहासनाची झालर लागली, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंडमध्ये राजाच्या कारकिर्दीचा असा देशव्यापी उत्सव प्रथम मोठ्या प्रमाणावर झाला तो तिसऱ्या जॉर्जच्या काळात, 25 ऑक्टोबर 1809 रोजी. त्या वेळी काही कर्जबाजारी कैद्यांची सुटका करण्यात आली. मूळ कल्पनेचा एवढाच धागा शिल्लक राहिला होता. बाकी सारे दिवे, मेजवान्या आणि घंटानाद.

1887 : सुवर्णमहोत्सव

व्हिक्टोरिया राणी 20 जून 1837 रोजी अठराव्या वर्षी गादीवर आली. 1887 साली तिच्या कारकिर्दीस पन्नास वर्षे पूर्ण झाली. 20 जूनला लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात युरोपातील राजेरजवाड्यांना मेजवानी झाली आणि दुसऱ्या दिवशी राणी उघड्या बग्गीतून वेस्टमिन्स्टर ॲबे येथील प्रार्थनेस गेली. तिच्या बग्गीसोबत हिंदुस्थानी घोडेस्वार दौडत होते. लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे तीस हजार शाळकरी मुलांना बोलावून खाऊ आणि महोत्सवाचे चित्र असलेला पेला देण्यात आला. इंग्लंडमधील स्त्रियांनी वर्गणी करून जमवलेल्या रकमेतून सत्तर हजार पौंड राणीने रुग्णपरिचारिकांच्या शिक्षणासाठी दिले. त्यातून गोरगरिबांच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्या परिचारिकांची संस्था उभी राहिली. रोषणाई एका रात्रीत विझली. परिचारिका मात्र पुढील कित्येक दशके गल्लीबोळांतून फिरत राहिल्या.

हिंदुस्थानात हा उत्सव चार महिने आधी, 16 फेब्रुवारी 1887 रोजी साजरा करण्यात आला. राणी स्वतः हिंदुस्थानात कधीही आली नाही. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीच्या दरबारात तिला 'कैसर-ए-हिंद' म्हणून घोषित केले गेले, तेव्हाही ती येथे नव्हती. आणि त्या वेळी मुंबई व मद्रास इलाख्यांत दुष्काळाने माणसे मरत होती. राणीच्या वतीने येत ते तिचे पुत्र. 1875 च्या नोव्हेंबरात युवराज एडवर्ड मुंबईस उतरला. त्या दौऱ्याची आठवण म्हणून उभारलेल्या अश्वारूढ पुतळ्यामुळे मुंबईच्या एका भागाला 'काळा घोडा' हे नाव पडले. दुसरा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट हा महोत्सवाच्या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. राजघराण्यातील माणूस येणार म्हटले की कमानी उभ्या राहत, मानपत्रे वाचली जात आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळी ठेवणीतील पोशाख घालून हजर होत. राणीची खरी ओळख मात्र खेड्यापाड्यांत राणीछाप रुपयावरच्या चेहऱ्यापुरतीच होती, आणि तो रुपयाही सारा भरण्यापुरताच हाती येई.

महोत्सवाच्या निमित्ताने हजारो कैदी सोडण्यात आले. त्याच दिवशी सरकारने विद्वानांसाठी दोन नव्या पदव्या सुरू केल्या: संस्कृत पंडितांसाठी 'महामहोपाध्याय' आणि मुस्लिम विद्वानांसाठी 'शम्स-उल-उलमा'. राणीच्या उत्सवात प्राचीन विद्येचा गौरव व्हावा हे वरवर पाहता योग्यच वाटते. परंतु ज्या विद्येचा हा गौरव होता, तिचा उच्चार कानी पडणेही ज्यांना शतकानुशतके निषिद्ध होते, त्या शूद्रातिशूद्रांच्या मुलांच्या वाट्याला या महोत्सवातून काय आले? 1 नोव्हेंबर 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यात वंश वा धर्म न पाहता सरकारी नोकरी देण्याचे आश्वासन होते. त्याच जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात हात न घालण्याचेही वचन होते. पहिल्या वचनाने आमच्या पूर्वजांच्या मनात आशा निर्माण केली आणि दुसऱ्याने अस्पृश्यतेला हात न लावण्याची सबब सरकारला मिळाली. महोत्सवाच्या भाषणांत पहिलेच वचन तेवढे आठवले जाई.

मुंबईत मात्र या वर्षाची दोन मोठी स्मारके राहिली. बोरीबंदरच्या भव्य रेल्वे स्थानकाला 1887 साली राणीचे नाव देण्यात आले. तेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. दुसरे म्हणजे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. गिरण्यांच्या या शहरात यंत्रविद्या शिकवणारी संस्था महोत्सवाचे स्मारक म्हणून स्थापन झाली आणि 1889 साली सुरू झाली. आज ती वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था या नावाने माटुंग्यास उभी आहे. राणीचे नाव गेले, राज्य गेले, पण कार्यशाळा आणि वर्ग चालू राहिले. महोत्सवातील कोणता पैसा सत्कारणी लागला हे ठरवण्यास याहून सोपा दाखला सापडणे कठीण.

शेतकऱ्याच्या वेशातील पाहुणा

या झगमगाटाला भर सभेत प्रश्न विचारणारा एक माणूस पुण्यात होता. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, एका बड्या सरकारी पाहुण्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे म्हणून त्यांनी ठरावास विरोध केला. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही त्यांचा मुद्दा हाच होता: सरकारी तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण खेड्यापर्यंत नेल्याशिवाय हा अन्याय मिटणार नाही.

1888 साली पुण्यात हरि रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ केला. जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत जोतीराव गेले ते सामान्य शेतकऱ्याच्या वेशात. बोलावयास उठल्यावर त्यांनी राजपुत्रास सांगितले की, येथे जमलेली ही श्रीमंत मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी रयत पाहावयाची तर खेड्यांत आणि अस्पृश्यांच्या वस्त्यांत जावे, आणि तिच्या शिक्षणाची सोय करण्यास आपल्या मातोश्रींना सांगावे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जोतीरावांनी समारंभावर बहिष्कार टाकला नाही आणि राजपुत्राचा अवमानही केला नाही. इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शाळेचे दार किलकिले झाले, हे ते मोकळेपणाने मान्य करीत. पण कृतज्ञता म्हणजे मुकाट राहणे, असे त्यांनी कधी मानले नाही.

त्याच वर्षी, 11 मे 1888 रोजी, मुंबईत मांडवी येथील कोळीवाडा सभागृहात श्रमिकांच्या सभेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. तिला ना राणीची सही होती, ना सरकारी राजपत्रातील नोंद. एक वर्षापूर्वी महोत्सवाच्या दिवशी वाटलेल्या पदव्या कोणाकोणाला मिळाल्या हे आज फार थोड्यांना सांगता येईल. लोकांनी दिलेली ही पदवी मात्र नावाशी एकरूप झाली.

1897 : हीरक महोत्सव आणि गणेशखिंड

दहा वर्षांनी कारकिर्दीची साठ वर्षे झाली. या वेळी वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या सूचनेवरून हा उत्सव साम्राज्याचा उत्सव म्हणून साजरा करण्याचे ठरले. युरोपातील राजांऐवजी वसाहतींचे पंतप्रधान आणि साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतील पलटणी लंडनला बोलावण्यात आल्या. 22 जून 1897 रोजी मिरवणुकीला निघण्यापूर्वी राणीने तारेने साऱ्या साम्राज्याला आभाराचा संदेश पाठवला. संधिवातामुळे तिला सेंट पॉल कॅथेड्रलच्या पायऱ्या चढणे शक्य नव्हते, म्हणून प्रार्थना पायऱ्यांपाशी उघड्यावरच झाली आणि राणी बग्गीतच बसून राहिली. युवराज्ञी अलेक्झांड्रा हिच्या पुढाकाराने लंडनमधील लक्षावधी गरिबांना जेवण देण्यात आले. त्यासाठी चहाचे व्यापारी टॉमस लिप्टन यांनी पंचवीस हजार पौंड दिले.

त्या मिरवणुकीत हिंदुस्थानी लष्करातील स्वारही होते. परंतु याच दशकाच्या आरंभी 'लढाऊ जाती' कोणत्या हे सरकारने ठरवले आणि मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या सेवा केलेल्या महारांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध 1894 मध्ये विनंतिपत्र तयार केले. ज्यांनी या राज्यासाठी रक्त सांडले, त्यांच्यासाठी साम्राज्याच्या मिरवणुकीत जागा उरली नव्हती.

आणि पुण्यात काय चालले होते? 1896 चा पाऊस दगा देऊन गेला होता, दुष्काळ पडला होता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी आढळला आणि काही महिन्यांत साथ पुण्यात पोहोचली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यातील प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर शिरून झडती घेऊ लागले, रोग्यांना व त्यांच्या घरच्यांना छावण्यांत हलवू लागले. लोकांत दहशत पसरली.

या धामधुमीत हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई त्या वेळी पासष्टी ओलांडलेल्या होत्या. जोतीराव जाऊन सहा वर्षे झाली होती. जेथे सख्खे नातलग रोग्याला हात लावण्यास धजत नव्हते, तेथे सावित्रीबाई रोग्यांना दवाखान्यात आणीत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 22 जूनच्या रात्री, गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हीरक महोत्सवाचा समारंभ झाला. दिव्यांनी उजळलेल्या त्या वास्तूतून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड 3 जुलैला मरण पावला. पुढे चाफेकर बंधू फासावर गेले.

पाठ्यपुस्तकात 1897 चे पुणे म्हटले की रँड आणि चाफेकर एवढीच दोन नावे समोर येतात. एका बाजूला साथीतही उत्सव करणारे सरकार, दुसऱ्या बाजूला पिस्तूल. आम्ही वर्गात त्याच वर्षाचे तिसरे नाव आवर्जून सांगतो. सावित्रीबाई ना महोत्सवाच्या कमानीखाली होत्या, ना सूडाच्या वाटेवर. त्या माणसाला पाठीवर घेऊन चालत होत्या. त्या वर्षीच्या पुण्याला सर्वाधिक गरज होती ती याच कामाची.

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयाची शैक्षणिक सहल पुण्यास गेली असता आम्ही मुलांना गणेशखिंडीतील ती दगडी इमारत दाखवली. 1949 पासून तेथे विद्यापीठ आहे आणि 2014 पासून त्या विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे आहे. एका मुलाने प्रवेशद्वारावरील नाव वाचून निरागसपणे विचारले, "सर, सावित्रीमाई इथं राहायच्या का?" आम्ही सांगितले, "नाही बाळा. त्या हयात होत्या तेव्हा त्यांना या वाड्याचं निमंत्रणही आलं नसतं." मुले बराच वेळ त्या इमारतीकडे पाहत उभी होती. ज्या वास्तूत राणीच्या साठ वर्षांचा उत्सव झाला, तिला आज साथीत रोगी वाहून नेणाऱ्या शिक्षिकेचे नाव आहे. त्या मुलांना आणखी काही समजावून सांगण्याची गरज आम्हांस वाटली नाही.

राजांच्या उत्सवातही निवड असते

सर्वच राजेरजवाडे उत्सवात रमले असे म्हणणे अन्यायाचे होईल. राणीनंतर गादीवर आलेल्या सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी 1902 साली छत्रपती शाहू महाराज इंग्लंडला गेले होते. ते तेथे असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. लंडनच्या त्या सोहळ्यातील मानपानाची आठवण आज कोणाला आहे? तो हुकूम मात्र आपल्यापैकी अनेकांच्या घरातील पहिल्या पगारापर्यंत पोहोचला आहे.

व्यक्तिपूजेविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेला इशाराही येथे आठवतो. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी थोर माणसाचा आदर आणि विभूतिपूजा यांतील भेद सांगितला. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की राजकारणातील भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे. हा इशारा केवळ राण्या-महाराण्यांच्या उत्सवांना लागू नाही. आपल्या माणसांच्या जयंत्यांना, आपल्या संस्थांच्या महोत्सवांना आणि शिक्षक म्हणून स्वतः आम्हांलाही तो लागू आहे.

आपला महोत्सव

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत वळू. पन्नास वर्षे झाली की उत्सव करावा हे राजांनी ठरवले नाही. पन्नास वर्षांत जे वाटेत सुटले, त्यांना घरी परत आणावे असे ज्यांना वाटले, त्यांनी ते ठरवले होते. आपण उत्सव अवश्य करावा. ज्या आईबापांनी मजुरी करून मुलांना येथे धाडले, ते मंडपात सन्मानाने पहिल्या रांगेत बसलेले पाहण्याचा आनंद आम्हांसही हवा आहे. पण या स्मरणिकेत अधिकारी, प्राध्यापक, अभियंता झालेल्या माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापली जात असताना आम्हांस कार्यालयातील जुनी हजेरीपुस्तके आठवतात. त्यांत मध्येच लाल रेघ मारलेली नावे आहेत. कोणी ऊसतोडीला गेला, कोणाचे लग्न सातवीतच झाले, कोणी वडिलांच्या आजारपणात वीटभट्टीवर गेला. त्यांपैकी काही नावांवरची रेघ आमच्याच हाताची आहे. एकदा घरी जाऊन चौकशी करू, असे तेव्हा मनात आले होते. परीक्षा जवळ आली होती आणि ते राहून गेले.

म्हणून नियोजन समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे आणि वाचकांपुढेही ती ठेवतो. महोत्सवाच्या खर्चातील एक ठरावीक हिस्सा रोषणाईतून काढून या नावांसाठी राखावा. वर्षभरात शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांनी दोघादोघांच्या जोडीने त्या गावांना जावे. त्या माणसाला मेळाव्याचे निमंत्रण द्यावे. त्याच्या घरात शाळेबाहेर राहिलेले मूल असेल तर त्याला येत्या जूनमध्ये आपल्या वसतिगृहात आणावे. राजघराण्याचे दौरे होत तेव्हा रयतेने रस्त्याच्या कडेला उभे राहावे अशी रीत होती. आपल्या दौऱ्यात आपण तिच्या दारी जाऊ.

पहिली यादी आम्ही हजेरीपुस्तकांवरून उतरवून काढली आहे. ती विद्यालयाच्या कार्यालयात ठेवलेली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या वर्गातील एखादा हरवलेला सोबती आठवत असेल, त्यांनी येऊन त्याच्या नावापुढे गाव लिहून जावे, ही नम्र विनंती.